एकशेवीसचं तेवढं बघा

टोकियोतल्या आमच्या भारतीय शाळेच्या ऑफिसात बसणाऱ्या जयमालाताईंना सगळे 'बाई' म्हणतात. खरं तर त्या इथे काहीच शिकवत नाहीत. दाखले तयार करायचे, फोन घ्यायचे, भारतातून नव्याने आलेल्या आयांना कोणत्या वारी कोणता कचरा बाहेर ठेवायचा ते समजावायचं, हे त्यांचं काम. पण रुजू झाल्या त्या दिवशी प्रिन्सिपलसाहेबांनी त्यांना "मिसेस जयमाला-सान" अशी लांबलचक हाक मारली, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगून टाकलं, की मला बाई म्हणा, दुसऱ्या हाकेला मी ओ द्यायची विसरते. तेव्हापासून सगळी शाळा बाई म्हणते. फरशी पुसायला येणाऱ्या जपानी आजी तर 'बाई-सान' म्हणतात, आणि बाईंना त्यात काही वावगं वाटत नाही.

मी त्याच शाळेत ग्रंथपाल, स्वप्ना माझं नाव. माझ्या आणि ऑफिसच्या मध्ये एक काच आहे. मी मूळची पुण्याची, त्यामुळे काचेपलीकडे जे चाललंय त्यावर आपलं मत असणं हा मी माझा हक्कच समजते. शिवाय कोतो वॉर्डात राहायला आम्ही एकाच इमारतीत. बाई पाचव्या मजल्यावर, मी चौथ्या. म्हणजे त्यांच्या घरी कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, हेही मला ठाऊक असतं.

बाई सांगली जिल्ह्यातल्या. शिराळा तालुक्यातल्या एका वाडीवर, जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी बारा वर्षं नोकरी केली. नवरा, सुरेशराव, पुण्यात कॉम्प्युटरवाला; शनिवारी एस.टी.ने यायचा, रविवारी जायचा. तसं बरं चाललं होतं. पण वाडीतली माणसं पोटापाण्यासाठी शहराकडे निघाली, राहिलेल्यांच्या दारात इंग्रजी शाळेची पिवळी गाडी यायला लागली आणि बाईंच्या शाळेचा पट उतरला. ज्यांनी जिल्हा परिषदेत नोकरी केली नाही त्यांना 'पट उतरला' या दोन शब्दांतली दहशत कळायची नाही. पट म्हणजे शाळेत नाव असलेल्या मुलांची संख्या. तेवढ्या पटावर शिक्षकांची पदं. पट एका ठरावीक रेषेखाली गेला की पद जातं, आणि पद गेलं की शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो. मग त्याला उचलून जिल्ह्यात कुठेही नेऊन टाकतात.

म्हणून जून उजाडला की बाई दारोदार हिंडायच्या. शाळेच्या वयाला दोन महिने कमी असलेलं पोरही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. साहेब तपासणीला येणार असले की शेजारच्या वस्तीवरची पाच-सहा पोरं आणून मागच्या ओळीत बसवायची आणि "आजच्या दिवस तुझं नाव संतोष" असं बजावायचं, हेही त्या हसत हसत सांगतात. एवढं करूनही शेवटी पट उतरलाच. बाई अतिरिक्त ठरल्या. त्याच वर्षी सुरेशरावांना टोकियोतल्या एका बँकेचं काम मिळालं आणि सात वर्षांच्या मितालीला घेऊन त्या इकडे आल्या. 'अतिरिक्त' हा शब्द मात्र त्या हसत सांगत नाहीत.

आता आमच्या लीगबद्दल. इथल्या जपानी शाळांचं खेळात एक बरं आहे. बहुतेक स्पर्धांत लहान शाळा, मोठी शाळा असा भेद नाही. सगळ्यांनी एकाच आखाड्यात उतरायचं. बेसबॉलला पोरं कमी पडली तर दोन-तीन शाळा मिळून एक संघ करतात, आणि एकीने जाऊन हरून येतात. आमची शाळा खेळते ती परदेशी शाळांची लीग. तिथे दोन गट, मोठा आणि छोटा. आणि गट ठरतो तो नववी ते बारावीत मिळून मुलं किती, यावर. एकशेवीस झाली की मोठा गट. एक जरी कमी असलं तरी छोटा.

विचार तसा चुकीचा नाही. पाचशे मुलांतून सहा खेळाडू निवडणं वेगळं आणि शंभरातून सहा जमवणं वेगळं. पण मोजणी नुसत्या डोक्यांची. त्या डोक्यांना हातपाय आहेत का, असले तर ते हलतात का, हे कुणी विचारत नाही. आमच्याकडची निम्मी डोकी आयआयटीच्या क्लासला वाहिलेली. व्हॉलीबॉलकडे ती फक्त खिडकीतून आवाज आला तर बघतात. मुलींचा संघ कुठल्या गटात, हे ठरवतानाही मुलगे मोजले जातात. आता मुलींच्या सर्व्हिसला मुलग्यांचा काय उपयोग, हे लीगवाल्यांनाच माहीत.

मिताली बारावीत, मुलींच्या व्हॉलीबॉल संघाची कॅप्टन. मागच्या वर्षी छोट्या गटाची फायनल तिच्या संघाच्या हातून थोडक्यात निसटली होती. यंदा संघ तोच, मुली वर्षभराने उंच झालेल्या, आणि बारावीनंतर खेळ संपला. म्हणजे काय ते याच मोसमात. पोर पहाटे उठून कालव्याच्या काठाने धावायची. अभ्यासाचं विचारा, जेवणाचं विचारा, मराठीतल्या प्रश्नाला जपानीत एकच उत्तर: "बेत्सुनी." म्हणजे विशेष काही नाही. पण व्हॉलीबॉलचं नुसतं नाव काढा, की ही तीन भाषांतून धबधब्यासारखी सुरू.

एप्रिलच्या शेवटी सत्यजितसर ऑफिसात आले. हे आमचे खेळाचे शिक्षक, कोल्हापूरचे. खुर्चीवर बसणं त्यांना माहीत नाही. दारातूनच म्हणाले,

"बाई, लीगला मे अखेरचा पट कळवायचाय. काठावर आहोत आपण. एकशेवीसचं तेवढं बघा हं."

"काळजी करू नका सर," बाई म्हणाल्या, "बघते मी."

मी काचेअलीकडून हे ऐकलं आणि मलाही त्यात काही खटकलं नाही. मराठीत 'तेवढं बघा' याचा अर्थ बोलणाऱ्याच्या पोटात असतो. सरांच्या पोटात होतं, की एकशेवीस होऊ देऊ नका. नवीन कुणी आलंच तर प्रवेश जूनमध्ये द्या. बाईंच्या कानांत मात्र वाडीवरची बारा वर्षं बसलेली. पट, काठावर, अखेर, आकडा. हे शब्द एकत्र आले की त्यांना एकच गोष्ट ऐकू येते.

दुसऱ्या दिवशीपासून बाईंनी सायकल काढली. शाळा सुटली की ओजिमापासून पार निशी-कासाईपर्यंत, जिथे म्हणून आपली माणसं राहतात, तिथल्या इमारतींच्या खाली टपालपेट्यांवरची नावं वाचत त्या हिंडायला लागल्या. कुलकर्णी दिसला की घंटी. अय्यर दिसला की घंटी. किराणा दुकानात हिंग घेता घेता त्या शेजारच्या बाईला विचारायच्या, "मुलगा कितवीत?" योकोहामाच्या एका शाळेतून तर त्यांनी दोन सख्खे भाऊ फोडून आणले, त्यांच्या आईला पटवलं, की पोरांचा आगगाडीतला वेळ वाचेल. तिला ते पटलं. मग पुढच्याच महिन्यात त्यांचं घर योकोहामाला हललं, आणि आता मुलं उलट दिशेने तेवढाच वेळ आगगाडीत घालवतात. जित्याची खोड म्हणतात ती ही.

कस्तुरी त्यांना त्या किराणा दुकानातच सापडली. बाई सकाळी ऑफिसच्या चहाचं सामान आणायला गेल्या, तर ही भर शाळेच्या वेळी, आईबरोबर, हातात मेथीची जुडी धरून उभी. बाईंचे डोळेच चमकले. शाळाबाह्य! कस्तुरीचे वडील, अनुप, सहा महिन्यांच्या कामावर पुण्याहून आलेले. सहाचे बारा झाले, बाराचे अठरा. दर वेळी 'आता जायचंच आहे' म्हणून मुलीला इथल्या शाळेत घातलं नाही. ती आपली पुण्याच्या शाळेचे तास मोबाइलवर करायची, इथल्या दुपारी, तिथल्या सकाळी, एकटी, पडदा ओढून. पंधरा वर्षांची मुलगी दीड वर्ष कुणाशी बोललेली नव्हती, तिला कुणी मोजलंही नव्हतं. बाई त्यांच्या घरी तीनदा गेल्या. तिसऱ्या खेपेला पोहे खाऊन आणि प्रवेश पक्का करूनच उठल्या. मे महिना संपायला दोन दिवस उरले असताना कस्तुरी नववीच्या वर्गात येऊन बसली, आणि एकशेवीस भरले.

बाईंनी बर्फी वाटली. आधी मला, मग फरशीवाल्या आजींना, मग सत्यजितसर दारात दिसले तसं त्यांना.

"कशाबद्दल, बाई?" सरांनी तुकडा तोंडात टाकत विचारलं.

"झाले की एकशेवीस! कालच झाले."

सर चावायचे थांबले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला आधी वाटलं, बर्फीत वेलदोड्याचं साल आलं असावं. मग ते हळूच म्हणाले, "अहो, एकशेवीस झाले म्हणजे आपण मोठ्या गटात." आणि नियम समजावून सांगितला. बाईंच्या हातातलं ताट तसंच हातात राहिलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं मी आजवर दुसऱ्यांबद्दल पुष्कळदा म्हटलंय. समोर होताना पहिल्यांदाच बघितलं.

पुढचे दोन दिवस तर आणखी गंमत. प्रिन्सिपलसाहेबांनी पालकांच्या ग्रुपवर आनंदाची बातमी टाकली, की आपली शाळा मोठ्या गटात गेली. सगळ्यांना वाटलं, बढती. टाळ्या, फुलं, पेढ्यांची चित्रं. एका वडिलांनी तर विचारलं, की याचे मार्क बारावीला धरतात का. मग संघातल्या एका मुलीच्या आईने लिहिलं, की मोठ्या गटात आपल्या आठ मुली मोठमोठ्या शाळांशी खेळणार आहेत आणि याचा अर्थ चेचल्या जाणार आहेत. तेव्हा ग्रुप एकदम गार झाला.

प्रिन्सिपलसाहेबांनी बाईंना आणि सरांना बोलावून घेतलं. दुरुस्तीला दहा दिवसांची मुदत होती. उपाय साधा होता: कस्तुरीच्या प्रवेशाची तारीख एक आठवडा पुढची लिहायची. मे अखेरचा पट मग एकशे एकोणीस. कुणाचं काही जात नव्हतं. मुलगी वर्गात होती, वर्गातच राहणार होती. साहेबांचं दुखणं निराळं. जाहिरातीत 'वरच्या वर्गांत एकशेवीस विद्यार्थी' छापून झालं होतं. जाहिरातीला एकशेवीस आणि लीगला एकशे एकोणीस, असं दोन्ही जमलं तर त्यांना हवंच होतं.

"बघते," बाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी इडलीचं पीठ द्यायला वर गेले, तर दार उघडंच आणि आत मितालीचा आवाज चढलेला.

"वन वीक, आई! नुसती तारीख बदलायचीय. तिला कुणी शाळेतून काढत नाहीये."

"माहितीय मला."

"मग? तूच सांगतेस ना, तिकडे तू फेक मुलं आणून बसवायचीस. तेव्हा चालत होतं?"

सुरेशराव टीव्हीचा आवाज कमी-जास्त करत बसले होते. घरातल्या वादात त्यांचा सहभाग एवढाच असतो.

"माझा लास्ट सीझन आहे हा," मिताली म्हणाली. "आम्ही या वर्षी जिंकणार होतो, आई. खरंच जिंकणार होतो."

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "उद्या करते गं बाळा."

आणि त्या खरंच करणार होत्या. मी पीठ ओट्यावर ठेवलं आणि न विचारता माझंही मत देऊन आले, की करून टाका, एवढं काय त्यात.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. पडद्यावर कस्तुरीचं पान उघडं. इतक्यात कस्तुरीच ऑफिसच्या दारात आली. वर्गात गोष्ट पोचली होतीच. मुलांच्या पोटात काही राहत नाही.

"बाई, माझ्यामुळे झालं ना सगळं?"

"कोण म्हणालं तुला?"

"सगळेच म्हणतायत." ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "मी त्या आठवड्यात आले नव्हते असं लिहा ना. चालेल मला. सवय आहे मला."

हे ती रडून नाही बोलली. एखादी वही विसरली तर 'चालेल' म्हणावं, तशी म्हणाली. बाईंनी माउसवरचा हात काढला.

"डबा खाल्लास?"

"नाही अजून."

"जा, आधी डबा खा."

ती गेल्यावर बाईंनी पान मिटलं आणि काचेला वळसा घालून माझ्याकडे आल्या. खुर्ची ओढून बसल्या. "स्वप्ना," त्या म्हणाल्या, "वाडीला नसलेल्या पोरांना मी हजर म्हटलं. खोटंच होतं ते. पण त्यात कुणाचं नाव जात नव्हतं. हिला मी घरातून ओढून आणलं. हिच्या आईला सांगितलं, पोरीचं नाव कुठेतरी असायला पाहिजे. आता आठ दिवसांत तिलाच सांगू, तू अतिरिक्त झालीस म्हणून?"

मला त्यांचा राग आला. अजूनही थोडा आहे. ज्या बाईने शेजारच्या वस्तीवरची पोरं संतोष म्हणून खपवली, तिला प्रामाणिकपणाचा झटका यायला नेमका मुहूर्त मिळाला तो पोटच्या पोरीच्या शेवटच्या वर्षाचा. मी तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि जाऊन लीगला एकशेवीस कळवून टाकले.

सत्यजितसरांनी कपाळाला हात लावला आणि सराव दुप्पट केला. प्रिन्सिपलसाहेबांनी नव्या जाहिरातीत 'मोठ्या गटात निवड' असं छापलं, जणू काही लीगवाले वरात घेऊन आमच्या दारी आले होते. मिताली आईशी बोलायची बंद झाली. भांडण नाही, आदळआपट नाही. जेवायला बसायची, ताट घासून ठेवायची, आणि आता व्हॉलीबॉलचं विचारलं तरी "बेत्सुनी." बाई रोज विचारायच्या, आणि रोज तेच उत्तर घेऊन भाकरी थापायला वळायच्या. माझ्यासारखीला सुद्धा तेव्हा मत द्यावंसं वाटलं नाही.

सप्टेंबरात मोसम सुरू झाला आणि आमच्या मुली शिस्तीत हरायला लागल्या. समोरच्या शाळांच्या राखीव खेळाडूंची रांग आमच्या अख्ख्या संघाहून लांब. एका शाळेत तर आमच्या संघाला त्यांचा सराव संघ समजून कुणीतरी जाळी बांधायला सांगितली, आणि मुलींनी बिचाऱ्यांनी बांधलीही. दुसऱ्या एका शाळेने जिंकल्यावर आमच्या मुलींना केक खाऊ घातला. हरल्याचं एवढं वाईट नाही वाटत, पण केक झोंबतो. इथे मला सांगायला आवडलं असतं, की कस्तुरी व्हॉलीबॉल शिकली आणि तिने संघ तारला. पण कस्तुरीला चेंडूची भीती वाटते. ती चित्रकलेत रमली, तिला दोन मैत्रिणी मिळाल्या, आणि तिघी मिळून माझ्या ग्रंथालयात इतकी बडबड करतात की मला ओरडावं लागतं. तेवढंच झालं.

शेवटचा सामना योकोहामात, टेकडीवरच्या एका मोठ्या शाळेत. मी बाईंबरोबर गेले. सुरेशरावांना बँकेतून सुट्टी मिळाली नाही. पहिला सेट नेहमीसारखा गेला. दुसऱ्यात काय झालं कोण जाणे, मिताली सर्व्हिसला आली आणि हटेचना. आमच्या मुली पुढे गेल्या. समोरच्या कोचने पहिल्यांदाच उठून आपले मुख्य खेळाडू परत आत पाठवले. मी ग्रंथपाल असल्याचं विसरून गॅलरीत उभी राहून किंचाळत होते. बाई मात्र खाली बसून, पदराचं टोक मुठीत धरून, ओठांतल्या ओठांत गुण मोजत होत्या. एक सेट. समोरच्यांनी बरोबरी गाठली, तरी पूर्ण मोसमातला पहिला सेट जिंकायला आम्हाला दोनच गुण हवे होते. ते मिळाले नाहीत. समोरच्या उंच मुलीने दोनदा उडी मारली आणि संपलं.

बाकीच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मिताली रडली नाही. तिने पंचांना वाकून नमस्कार केला, जाळीखालून समोरच्या मुलींशी हात मिळवला, बॅग उचलली आणि बाहेर आली. जिन्याखाली आम्ही दोघी उभ्या होतो. ती आईसमोर येऊन थांबली, आणि जूननंतर पहिल्यांदा सरळ तिच्या डोळ्यांत बघून बोलली.

"तू तारीख बदलायला हवी होतीस. मला अजूनही तसंच वाटतं."

मला वाटलं, आता बाई समजावणार. शिक्षिका आहेत शेवटी. कस्तुरीचं नाव काढतील, खरं-खोटं सांगतील, एक दिवस तुला कळेल वगैरे म्हणतील. मी तर मनात वाक्यंही तयार करून ठेवली होती, कमी पडलीच तर द्यायला.

"मलाही वाटतं," बाई म्हणाल्या. "रोज वाटतं."

मितालीला भांडायला समोर कुणी उरलंच नाही. तिच्या खांद्यावरची बॅग घसरली आणि ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. बाई तिच्या शेजारी बसल्या.

"किती जवळ आलो होतो गं आई," असं म्हणून ती आईच्या मांडीत डोकं खुपसून हमसाहमशी रडली.

"हो," बाई म्हणाल्या. "दोनच गुण."